मूत्राशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांना किडनी प्रत्यारोपण: वाचकांचे प्रश्न

किडनी प्रत्यारोपणाबद्दल येणाऱ्या पत्रांत काही पत्रं वेगळी असतात. ज्यांचं मूत्राशय पूर्वी आतड्याचा तुकडा लावून मोठं केलं आहे, किंवा तसं करावं लागेल असं सांगितलं आहे, अशांची ही पत्रं. मूत्रमार्गातल्या जन्मजात झडपा, पाठीच्या कण्यातला दोष आणि मूत्राशयाचा क्षय ही त्यामागची आपल्याकडची नेहमीची कारणं. या वेळचा सगळा स्तंभ त्यांच्यासाठी ठेवला आहे. उत्तरं मूत्रविकार शल्यचिकित्सक, किडनीतज्ज्ञ आणि प्रत्यारोपण विभागातल्या परिचारिका यांनी मिळून लिहिली आहेत. इथे दिलेला कोणताही डोस तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नका.

प्रश्न: माझ्या मुलाला जन्मतः मूत्रमार्गात झडपा होत्या. तान्हा असतानाच त्या दुर्बिणीतून जाळल्या. आता तो चौदा वर्षांचा आहे, उंची 150 सेंटिमीटर, क्रिएटिनिन 4.8. किडनी मी देणार आहे. डॉक्टर म्हणतात, आधी लघवीच्या पिशवीचं (मूत्राशयाचं) ऑपरेशन, मग किडनी. दोनदा पोट उघडण्यापेक्षा आधी किडनी बसवली आणि पिशवीचं नंतर पाहिलं तर चालणार नाही का? (एक आई, नांदेड)

उत्तर: झडपा जाळल्या तेव्हा अडथळा गेला. पण जन्माआधीपासून त्या अडथळ्याशी झगडून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि ताठर झालेला असतो. तो झडपांबरोबर जात नाही. निरोगी मूत्राशय लघवी साठत जाते तसं सैल होत जातं, म्हणून 300–400 मिली भरलं तरी आतला दाब फारसा चढत नाही. ताठर मूत्राशयात 150 मिलीलाच तो 40 सेंटिमीटर पाण्याच्या वर जाऊ शकतो. हा 40 चा आकडा महत्त्वाचा आहे. मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली कण्याच्या दोषाच्या मुलांमध्ये दाखवून दिलं की लघवी गळायला लागेपर्यंत दाब 40 च्या वर जात असेल, तर वरच्या किडन्या हमखास धोक्यात येतात. तुमच्या मुलाच्या किडन्या बहुधा याच दाबाने गेल्या आहेत. दाब तसाच ठेवून तुमची किडनी बसवली, तर तीही त्याच वाटेने जाईल, आणि त्या वेळी दुसरी किडनी तुम्हाला देता येणार नाही. म्हणून आधी किडनी आणि मग मूत्राशय, हा क्रम आम्ही सुचवणार नाही.

पण मूत्राशय सुधारायचं म्हणजे लगेच ऑपरेशनच, असंही नाही. युरोडायनॅमिक तपासणीचा ताजा कागद हातात घ्या. या तपासणीत एक बारीक नळी मूत्राशयात आणि एक गुदद्वारात ठेवतात, सलाईन मिनिटाला साधारण 10–20 मिली या सावकाश गतीने सोडतात आणि दाबाचा आलेख काढतात. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: किती मिलीला दाब 30 च्या वर गेला, गळती किती दाबाला सुरू झाली, आणि लघवी झाल्यावर मागे किती उरली. मुलांच्या मूत्राशयाची अपेक्षित क्षमता काढायला वयात दोन मिळवून तीसने गुणतात. तुमच्या मुलासाठी ती सुमारे 480 मिली येते. 400 मिलीपर्यंत दाब 30 च्या आत राहत असेल आणि मागे फार उरत नसेल, तर मूत्राशय कापायची गरज नाही. दाब थोडाच जास्त असेल, तर ऑक्सिब्युटिनिनसारखं स्नायू सैल करणारं औषध, दिवसा ठरलेल्या वेळी नळीने लघवी काढणं आणि रात्रभर नळी ठेवून मूत्राशय रिकामं ठेवणं, एवढ्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून पाहतात. मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं हाही उपाय आहे, पण त्याचा परिणाम सहा ते नऊ महिन्यांत ओसरतो.

हे सगळं करून दाब उतरला नाही, तर मूत्राशय मोठं करावं लागतं. झडपांच्या मुलांमध्ये एक चांगली शक्यता असते. एका बाजूची किडनी पूर्ण निकामी असून तिची मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) फुगून बोटाएवढी किंवा त्याहून जाड झालेली असेल, तर ती किडनी काढून मूत्रवाहिनीच उभी उघडतात आणि मूत्राशयाला ठिगळ म्हणून लावतात. हे ठिगळ मूत्रमार्गाच्याच अस्तराचं असल्याने चिकट स्राव नाही, आम्ल शोषलं जात नाही, खडेही कमी. शक्य असेल तिथे हाच पर्याय आम्ही आधी तपासून पाहतो.

तशी मूत्रवाहिनी नसेल तर लहान आतड्याचा 20 ते 25 सेंटिमीटरचा तुकडा घेतात. मोठ्या आतड्याला मिळण्याआधीचे शेवटचे 15–20 सेंटिमीटर तसेच सोडतात, कारण बी-12 जीवनसत्त्व तिथे शोषलं जातं. तुकडा रक्तवाहिन्यांच्या पडद्यासकट बाजूला घेतात, पडद्याच्या विरुद्ध कडेने उभा चिरून सपाट करतात, दुमडून शिवतात आणि मूत्राशय पुढून मागे चिरून त्यावर बसवतात. आतडं नळीसारखंच ठेवलं तर ते आतड्यासारखंच आकुंचन पावतं आणि दाब पुन्हा चढतो. म्हणून चिरणं आवश्यक.

यानंतर लघवी बहुतेक वेळा नळीनेच काढावी लागते. कण्याच्या दोषाच्या मुलांना मूत्रमार्गात संवेदना कमी असते. तुमच्या मुलाला ती पूर्ण आहे, त्यामुळे दिवसातून सहा वेळा नळी घालणं त्याला दुखेल आणि तो टाळू लागेल. त्यासाठी त्याच ऑपरेशनमध्ये अपेंडिक्सची वाट करून तिचं तोंड बेंबीपाशी काढता येतं. पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच शल्यचिकित्सकांनी 1980 साली ही पद्धत मांडली, म्हणून तिला मित्रोफानॉफ म्हणतात. तुमच्या मुलाशी हे आत्ताच, सविस्तर बोला. नळी त्याला घालायची आहे, तुम्हाला नाही. चौदाव्या वर्षी त्याने मनापासून 'हो' म्हटलं नाही, तर सोळाव्या वर्षी किडनी जाते.

वेळेचं गणित असं. उंची आणि क्रिएटिनिन (किडन्यांनी बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) यांवरून त्याच्या किडन्यांचं काम मिनिटाला 13 मिलीच्या आसपास येतं. डायलिसिस फार दूर नाही. मूत्राशयाच्या ऑपरेशननंतर निदान तीन महिने भरून यायला आणि नळीचा हात बसायला लागतात. म्हणजे निर्णय या एक-दोन महिन्यांत व्हायला हवा. आतडं लावलं तर लघवीतलं आम्ल रक्तात परत शोषलं जातं आणि कमजोर किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही. म्हणून मधल्या काळात रक्तातलं बायकार्बोनेट महिन्यातून एकदा तपासा आणि ते 22 च्या खाली जाऊ देऊ नका. सोडिअम बायकार्बोनेटच्या गोळ्या त्यासाठीच असतात. वाढत्या वयात आम्ल साठलं की हाडं आणि उंची दोन्ही मार खातात.

प्रश्न: वय 29. सहा वर्षं डायलिसिस चालू, लघवी जवळजवळ बंद. मेंदूमृत दात्याकडून किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवलं आहे. तपासणीत मूत्राशयात फक्त 60 मिली मावलं. आतडं लावून मोठं करावं लागेल का? पूर्वी लघवीचा त्रास कधीच नव्हता. (एक वाचक, पुणे)

उत्तर: बहुधा नाही. तुमचं मूत्राशय आजारी नाही, ते सहा वर्षं वापरात नाही, म्हणून आक्रसलं आहे. किडनी बसून लघवी वाहू लागली की असं मूत्राशय काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पुन्हा मोठं होतं. सुरुवातीला तासाला लघवीला जावं लागेल, तेवढं सोसा. कोरड्या मूत्राशयाला आतडं लावणं उलट त्रासाचं आहे. आतड्याचा चिकट स्राव धुवून न्यायला लघवीच नसते, तो आत साठतो, त्यात पू होतो आणि तुम्ही किडनीआधीच तापाने दवाखान्यात पोचता.

फरक ठरतो तो पूर्वेतिहासावर. लहानपणी झडपा, कण्याचा दोष, क्षय, वारंवार जंतुसंसर्ग, मोठेपणी अंथरूण ओलं होणं, यातलं काही असेल तर 60 मिलीचा अर्थ वेगळा. शंका असली तर मूत्राशयाला सराव देऊन पाहतात: नळीतून निर्जंतुक सलाईन सोसवेल तेवढं भरायचं, थोडा वेळ ठेवायचं, काढायचं, आणि काही आठवडे रोज प्रमाण वाढवत न्यायचं. दाब न चढता क्षमता वाढली तर प्रश्न मिटला.

हे आत्ताच उरकून घ्या. मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या प्रत्यारोपण समन्वय समितीकडून फोन येतो तेव्हा हातात काही तासच असतात. त्या वेळी मूत्राशय तपासत बसता येत नाही.

प्रश्न: माझी मुलगी 22 वर्षांची आहे. जन्मतः कण्यात दोष, दहाव्या वर्षी आतडं लावून मूत्राशय मोठं केलं, बेंबीतून नळी घालते. चार महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांची किडनी बसवली. आधी ती सहा-सहा तासांनी लघवी काढायची आणि कधीतरी धुवायची. आता किती वेळा? धुणं नेमकं कसं करायचं? दर दवाखान्यात वेगळं सांगतात. (एक आई, सांगली)

उत्तर: आधी हिशोब पाहा. नवी किडनी चांगली चालते तेव्हा दिवसाला तीन लिटर लघवी सहज होते, म्हणजे तासाला 125 मिली. तीन तासांत 375, चार तासांत 500. सहा तास थांबली तर साडेसातशे मिली साठतील. ठिगळ लावलेल्या मूत्राशयाला इतकं ताणू नये, आम्ही 400 ते 500 मिली ही हद्द मानतो. म्हणून दिवसा दर तीन तासांनी, आणि कुठल्याही परिस्थितीत चार तासांच्या आत. रात्री आठ तास झोपली तर एक लिटर होतं, त्यासाठी झोपताना नळी घालून युरोबॅगला, म्हणजे लघवी जमा करणाऱ्या पिशवीला, जोडून ठेवा. रात्रीची नळी पुष्कळ जणी आठवड्याभरात सोडून देतात आणि सकाळच्या सोनोग्राफीत नवी किडनी फुगलेली दिसते. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक वेळची लघवी मापात मोजून वहीत लिहा. त्या आकड्यांवरून वेळापत्रक घट्ट करायचं की सैल, ते कळतं.

धुणं. आतड्याचं अस्तर आयुष्यभर चिकट स्राव सोडत राहतं. तो नळीच्या छिद्रात अडकतो, उरलेल्या लघवीत साचतो, त्याभोवती जंतू आणि क्षार जमतात आणि खडा तयार होतो. रोज एकदा, एकूण 200 ते 250 मिली सलाईनने धुणारांना खडे कमी होतात. सकाळची वेळ बरी, रात्रभरचा स्राव निघून जातो. प्रत्यारोपणानंतर पहिले सहा महिने तरी औषधाच्या दुकानातलं 0.9 टक्क्यांचं बाटलीबंद सलाईनच वापरा. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तर घरचं चालतं: एक लिटर पाणी वीस मिनिटं उकळायचं, त्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा 5 मिलीचा चमचा सपाट भरून दीड चमचा. झाकून गार करायचं आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. साधं पाणी भरू नका.

साबणाने हात धुवून नळी घाला आणि आधी सगळी लघवी निघू द्या. मग 50 किंवा 60 मिलीची, नळीत बसेल अशा लांब तोंडाची सिरिंज घेऊन 50 मिली सलाईन हळू आत सोडा. सलाईन शरीराच्या तापमानाचं हवं, गार असेल तर पोटात कळ येते. आता सिरिंजनेच हलकेच ओढून घ्या. पांढरट धागे किंवा जेलीसारखे तुकडे येतील. ते वाडग्यात टाका, पुन्हा 50 मिली. चार-पाच वेळांत पाणी स्वच्छ येतं. ओढताना अडलं तर जोर लावू नका: नळी थोडी फिरवा, एखादा सेंटिमीटर मागे घ्या, तिला पुढे वाकून बसायला किंवा कुशीवर वळायला सांगा. आत गेलेलं सलाईन परतच येत नसेल तर आणखी भरू नका. नळी काढून छिद्रं पाहा, बहुतेक वेळा तिथेच गोळा अडकलेला असतो. शेवटी नळी काढताना मध्ये मध्ये थांबत काढा, तळाशी उरलेले 20–30 मिली तेवढ्यात निघतात.

नळी 12 किंवा 14 नंबरची ठेवा. बारीक नळीतून स्राव निघत नाही. पूर्वी ती एकच नळी साबणाने धुवून आठवडाभर वापरत असेल तर आता निदान पहिले सहा महिने दर वेळी नवी घ्या. जॅक लॅपिडिस यांनी अमेरिकेत 1972 साली ही पद्धत रूढ केली तेव्हापासून 'निर्जंतुक नसली तरी स्वच्छ' नळी चालते हे खरं आहे, आणि जंतूंपेक्षा तुंबलेली लघवी जास्त घातक हेही खरं. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जोरात असतात तोवर इथे काटकसर नको. पैसे कमी असतील तर इतर कशात तरी वाचवा.

कण्याच्या दोषाच्या मुलांना लॅटेक्सची, म्हणजे साध्या रबराची, ॲलर्जी असण्याचं प्रमाण बरंच आहे. पिवळसर रबरी नळी आणि रबरी हातमोजे तिच्यासाठी वापरू नका, पीव्हीसी किंवा सिलिकॉनच्या नळ्या घ्या. केसपेपरवर हे लाल शाईने लिहून घ्या.

आणखी एक. किडनी बसवताना मूत्रवाहिनीत आधाराची नळी, म्हणजे डीजे स्टेंट, ठेवतात आणि चार ते सहा आठवड्यांत काढतात. तुमच्या पत्रात ती काढल्याचा उल्लेख नाही. काढली नसेल तर उद्याच फोन करा. आतड्याच्या मूत्राशयात राहिलेल्या स्टेंटवर फार लवकर खडा चढतो. काढताना मोठी दुर्बीण बेंबीच्या वाटेने जोराने घालू नये, ती अरुंद वाट फाटते. मूत्रमार्ग मोकळा असेल तर तिकडून, नाहीतर अगदी बारीक दुर्बिणीने.

प्रश्न: आतड्याचं मूत्राशय आहे, किडनी बसवून दोन वर्षं झाली. लघवीच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये पू-पेशी आणि जंतू येतात. दर वेळी अँटिबायोटिक. गेल्या महिन्यात प्रोटीनही आलं आणि क्रिएटिनिन 1.2 चं 1.6 झालं. किडनी नाकारली जाते आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नळी घालणाऱ्या आणि आतड्याचं मूत्राशय असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतात. ताप नाही, नव्या किडनीवर दुखत नाही, लघवीला नेहमीपेक्षा वेगळा उग्र वास किंवा रक्त नाही, क्रिएटिनिन स्थिर आहे, तर रिपोर्टवर उपचार करू नयेत. प्रत्यारोपणाचा पहिला महिना आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालण्याआधीची वेळ वेगळी. प्रोटिअससारखे युरिया फोडणारे जंतू पुन्हा पुन्हा येत असतील तेव्हाही खडा शोधावा लागतो आणि कधी उपचारही. एरवी दर रिपोर्टला गोळी दिल्याने पुढे खरा ताप येतो तेव्हा कुठलंच औषध लागू पडत नाही. नमुना नेहमी नव्या नळीतून, पहिली धार सोडून द्या. युरोबॅगमधला किंवा तासभर डब्यात पडलेला नमुना फुकट.

प्रोटीनचंही तसंच. आतड्याच्या स्रावात प्रोटीन असतं, त्यामुळे पट्टीवरच्या एका प्लसवर घाबरू नका. जुन्या रिपोर्टशी तुलना करा आणि वाढ दिसली तरच पुढचा शोध.

क्रिएटिनिनची वाढ मात्र गंभीरपणे घ्या, पण क्रम लक्षात ठेवा. आधी नळी घालून मूत्राशय चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सतत रिकामं ठेवायचं आणि मग रक्त पुन्हा द्यायचं. भरलेल्या आतड्याच्या मूत्राशयातून युरिया आणि क्रिएटिनिन रक्तात परत शोषलं जातं, शिवाय मागून दाब आल्याने किडनीचं कामही मंदावतं. सोनोग्राफी मूत्राशय भरलेलं असताना आणि रिकामं केल्यावर, अशी दोनदा. रिकामं केल्यावर सूज ओसरली तर दोष वेळापत्रकात आहे. ओसरली नाही तर मूत्रवाहिनीचा जोड अरुंद झाला असू शकतो. त्याच वेळी टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी तपासा, सकाळची गोळी घेण्याआधी. जुलाब लागले असतील तर ही पातळी वर जाते आणि तिच्यामुळेही क्रिएटिनिन वाढतं, जुलाबात बायकार्बोनेटही घसरतं. कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असेल तर किडनी बरी असतानाही आकडा थोडा चढतो, सोबत पोटॅशिअमही. हे सगळं पाहून उत्तर मिळालं नाही, तर बायोप्सीला उशीर करू नका. मूत्राशय रिकामं न करता आधीच स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं देणं मात्र चूक.

प्रश्न: घरी असताना कुठल्या लक्षणाला सर्वांत जास्त घाबरायचं? पत्नीचं मूत्राशय आतड्याचं आहे, किडनी बसवून एक वर्ष झालं. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: अचानक पोट दुखणं. आतड्याचं ठिगळ लावलेलं मूत्राशय जोडाजवळ फुटू शकतं: बराच वेळ नळी घातली नाही, स्रावाने वाट तुंबली, भरल्या मूत्राशयाने पडझड झाली, अशा वेळी. लघवी पोटात पसरते. पोट फुगतं, उलट्या होतात, ताप येतो, कधी खांद्याच्या टोकाला दुखतं, नळी घातली तर लघवी अगदी थोडी येते. कण्याचा दोष असेल तर पोटातली संवेदना कमी, आणि स्टिरॉइडमुळे ताप व पोटाचा ताठरपणा झाकला जातो. म्हणून दुखणं 'थोडंसंच' वाटलं तरी थांबू नका. पोटातली लघवी रक्तात शोषली गेल्याने क्रिएटिनिन एकदम चढतं आणि डॉक्टरांचं लक्ष किडनीकडेच जातं.

घरात जाड नळी आणि युरोबॅग तयार ठेवा. नळी घालून मूत्राशय मोकळं सोडा, धुवायचा प्रयत्न करू नका, खायला-प्यायला देऊ नका आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गावातल्या डॉक्टरांना 'गॅस झाला' म्हणून इंजेक्शन देऊ देऊ नका. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं तर नव्या किडनीला वर्ज्यच. नळीतून औषध भरून काढलेल्या सीटी स्कॅनवर निदान होतं. पत्नीच्या पाकिटात चिठ्ठी ठेवा: 'आतडं लावलेलं मूत्राशय, प्रत्यारोपित किडनी, पोटदुखी असल्यास मूत्राशय फुटल्याची शक्यता आधी तपासा.' अनोळखी डॉक्टरांना त्या चिठ्ठीचा फार उपयोग होतो.

प्रश्न: मूत्राशयाचा क्षय होऊन दोन्ही किडन्या गेल्या. पाच महिन्यांपासून क्षयाची औषधं चालू. मूत्राशय अगदी लहान झालं आहे. प्रत्यारोपण कधी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: क्षयाचा कोर्स पूर्ण झाल्यावर. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला टॅक्रोलिमस फार वेगाने मोडायला लावतं. नेहमीच्या डोसाने रक्तात पातळीच टिकत नाही आणि किडनी नाकारली जाते. ती गोळी चालू असताना प्रत्यारोपण न करणं श्रेयस्कर. मूत्राशयाचं ऑपरेशन कोर्स चालू असताना करता येतं, निदान चार ते सहा आठवडे औषधं झाल्यावर. क्षमता 20 मिलीच्याही खाली गेली असेल तर नुसतं ठिगळ पुरत नाही. जोडाचं तोंडच अरुंद राहतं, त्यामुळे पूर्ण नवं मूत्राशय आतड्यापासून करावं लागतं. तुमच्या बाजूने एक गोष्ट चांगली: कण्याचा दोष नसल्याने तुम्हाला पुढे स्वतःहून लघवी होण्याची शक्यता बरी असते. पण मागे किती उरते ते सोनोग्राफीत मोजल्याशिवाय 'नळी नको' म्हणू नका.

प्रश्न: लहानपणी मूत्राशय बाजूला ठेवून पोटावर थैली लावली आहे. तीत किडनी जोडता येते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: येते. थैलीकडे लघवी नेणाऱ्या आतड्याच्या नळीत मूत्रवाहिनी जोडून किडनी बसवणं 1966 मध्येच मिनेसोटा विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी करून दाखवलं. आधी त्या नळीत औषध सोडून एक्स-रे काढतात: लांबी किती, तोंड अरुंद झालं आहे का, आत काही तुंबतं का. ज्यांच्या हातांत नळी घालण्याइतकं बळ नाही, त्यांच्यासाठी हीच व्यवस्था आम्हाला सर्वांत सुरक्षित वाटते. 'नैसर्गिक' मूत्राशयाच्या हौसेने ती मोडू नका.

प्रश्न: मी 27 वर्षांची, कण्याचा दोष, आतड्याचं मूत्राशय, भावाची किडनी बसवून दोन वर्षं झाली. मूल हवं आहे. घरी केलेली गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली, सोनोग्राफीत काहीच नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर: आतड्याच्या स्रावामुळे लघवीवरची ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्यासाठी रक्तातली बीटा-एचसीजी तपासणीच ग्राह्य. ती आजच करून घ्या, कारण तुम्ही मायकोफिनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेत असाल तर ते गर्भाला घातक आहे. रक्ततपासणी निगेटिव्ह आली तर मग नियोजन: मायकोफिनोलेटऐवजी ॲझाथायोप्रिन, आणि बदलानंतर निदान सहा आठवडे थांबायचं. क्रिएटिनिन 1.5 च्या खाली आणि स्थिर हवं. तुम्हाला स्वतःला कण्याचा दोष असल्याने फोलिक ॲसिड नेहमीच्या डोसाचं नाही, 5 मिलिग्रॅमचं, दिवस राहण्याआधी तीन महिने सुरू करायचं. कोट्रायमोक्साझोल फोलिक ॲसिडच्या आड येतं, त्याबद्दल किडनीतज्ज्ञांना विचारा.

शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय बेंबीची वाट वाकवतं आणि नळी घालणं अवघड होतं, तेव्हा काही आठवडे नळी न काढता आतच ठेवावी लागते. सिझेरियन करायचंच झालं तर तुमची शस्त्रक्रिया ठाऊक असलेले मूत्रविकार शल्यचिकित्सक तिथे हजर हवेत. आतड्याच्या ठिगळाला रक्त नेणारा पडदा गर्भाशयाच्या पुढ्यात किंवा बाजूला असतो. तो कापला गेला तर ठिगळ मरतं.

प्रश्न: वीस वर्षांपूर्वीच्या मूत्राशयाच्या ऑपरेशनचे कागद हरवले. प्रत्यारोपणाचे डॉक्टर तेच मागत आहेत. इतकं काय त्यात? (एक वाचक, अमरावती)

उत्तर: ठिगळाचा रक्तपुरवठा कुठल्या बाजूने येतो, ते त्यात असतं. नवी किडनी ओटीपोटाच्या उजव्या किंवा डाव्या बाजूला, पोटाच्या आतल्या अस्तराबाहेर ठेवतात, आणि शक्यतो त्या रक्तवाहिन्या व बेंबीची वाट यांच्या विरुद्ध बाजूला. लहान आतडं लावलं की मोठं, जठराचा भाग की मूत्रवाहिनी, मूत्राशयाचं मूळ तोंड बंद केलं आहे का, अपेंडिक्स वापरलं का, जुन्या मूत्रवाहिन्या कुठे आहेत: यावर नवी मूत्रवाहिनी कुठे जोडायची ते ठरतं. शक्य तितकी ती मूळ मूत्राशयाच्या भिंतीतच, उलट प्रवाह होणार नाही अशी जोडतात.

ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथल्या अभिलेख विभागाकडे नाव, वय, साल आणि असेल तर नोंदणी क्रमांक देऊन लेखी अर्ज करा. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, शस्त्रक्रियेची मूळ टिपणं मागा. ती मिळालीच नाहीत तर सीटी अँजिओग्राफीने रक्तवाहिन्या, दुर्बिणीने आतलं अस्तर आणि एक्स-रेने आकार पाहून बरंच उलगडतं. सीटीचं रंगद्रव्य उरलीसुरली किडनी बिघडवू शकतं, म्हणून अजून डायलिसिसवर नसाल तर आधी किडनीतज्ज्ञांचा सल्ला घ्या. दुर्बीण घालतील तेव्हाच खडे आणि संशयास्पद गाठही पाहून घ्यायला सांगा. ठिगळाला वीस वर्षं झाली आहेत आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होणार आहेत, तेव्हा जोडाच्या रेषेवर काही उठलेलं दिसलं तर त्याचा तुकडा तपासून निकाल येईपर्यंत प्रत्यारोपणाची तारीख घेऊ नका. सोबत बी-12 ची पातळीही पाहा. शरीरातला साठा संपायला वर्षं लागतात, त्यामुळे कमतरता उशिरा दिसते, आणि मग मुंग्या व अशक्तपणा डायलिसिसच्या नावावर खपून जातात.